आठवं तळं

सरसाचा वास आला आणि पेइ-युन जिन्यातच थांबली.

आईने तिला वर पाठवलं होतं ते कौलाचे ठोकळे आणायला. आज बाबांचं वर्षश्राद्ध. वर्षभर त्यांचं धूपपात्र वेगळं होतं आणि नावाची पाटीही वेगळी, कागदाची. आज त्यांच्या पात्रातली चमचाभर राख पूर्वजांच्या मोठ्या पात्रात मिसळायची, कागदी पाटी जाळायची, आणि ल्याव थेंग-खुइ हे नाव पणजोबा-आजोबांच्या रांगेत जाऊन बसायचं. त्यासाठी आधी त्यांची परवानगी लागते, आणि ती कौल लावून घ्यायची असते. ठोकळे त्यांच्या स्टुडिओतल्या फडताळात असत. एखादं चित्र पुरं झालं की नाही, हेसुद्धा बाबा कधीकधी कौल लावून विचारत, आणि नकार आला की खुशाल दुर्लक्ष करून मोकळे होत.

पण सरसाचा वास का यावा? सरस म्हणजे काही लोणचं नव्हे मुरत ठेवायला. ताइनानच्या उकाड्यात आज शिजवलेला सरस परवा नाक धरायला लावतो. हा वास ताजा होता, गोडसर, ओल्या कातड्यासारखा. ज्या घरात दगडाची पूड सरसात कालवून चित्रं काढली जातात, त्या घरात वाढलेल्या पोरीला हा वास ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.

तिने दार लोटलं. शेगडी बंद होती, पण वरचं मातीचं भांडं हाताला गरम लागलं. खाली जमिनीवर, बाबा ठेवायचे तसंच आडवं, एक मोठं चित्र पसरलेलं होतं. समुद्रकाठचं मासे पाळायचं तळं, काठाला मातीचे बांध, दूर पाणी ढवळणारी चक्रं, आणि मधोमध काहीच नाही. नुसती मोकळी, राखाडी जागा. कडेचा हिरवा अजून ओला होता.

हे बाबांच्या शेवटच्या चित्रमालेतलं आठवं तळं. प्रदर्शन भरवणाऱ्या संग्रहालयाला आईने सांगितलं होतं, की बाबांनी जाण्याआधी आठही तळी पुरी केली होती. उद्या सकाळी त्यांची गाडी चित्रं न्यायला येणार होती.

“ठोकळे डाव्या खणात आहेत,” मागून चिंग-यावचा आवाज आला.

तिचा दादा दारात उभा होता. शाळेत चित्रकला शिकवून पन्नाशी ओलांडलेला, खांदे पाडून चालणारा माणूस. बोटं त्याने पाठीमागे लपवली होती, लहानपणी फणसाचा चीक लागला की लपवायचा तशी.

“भांडं गरम आहे, दादा.”

“हं.”

“बाबा काय अजून येऊन सरस शिजवतात?”

तो हसला नाही. आत आला, दार लावलं आणि हात पुढे केले. नखांत हिरवी पूड होती.

“हे एकच ना?” पेइ-युनने विचारलं. “हे राहिलं होतं म्हणून तू पुरं करतोयस. बरोबर?”

“नाही.”

“मग किती?”

“सगळी,” तो म्हणाला. “बाबांच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आला होता, ते तुला माहितीये. कडेचं दिसायचं, मधलं नाही. मग ते रंग कालवायचे, बोटानं. पूड किती भरड, सरस किती, ते बोटालाच कळायचं त्यांच्या. आणि मला सांगायचे, इथे बांध, इथे पाणी, इथे मला काही दिसत नाही, इथे तूही काही काढू नकोस. मी काढायचो.”

पेइ-युन नव्या काळ्या कपड्यांत तशीच खाली फरशीवर बसली.

तिला लोक घाबरत. तैपेइत ती ‘उलटी बाजू’ नावाचं एक पातळसं मासिक एकटी चालवायची. गॅलरीची जाहिरात घ्यायची नाही, उद्घाटनाच्या वाइनला हात लावायचा नाही, तिकीट काढून चित्रं बघायची आणि दिसेल ते लिहायचं, असा तिचा खाक्या. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पहिल्याच अंकात तिने सख्ख्या बापावर लिहिलं होतं: ‘ल्याव थेंग-खुइ यांची तळी आता पाण्याने नव्हे, सवयीने भरतात.’ त्यानंतर ती घरी आली तेव्हा बाबांनी तिच्यापुढे वाडगा सरकवून विचारलं होतं, “भात नेहमीचाच आहे. सवयीचा चालेल ना?” भांडण असं झालं नाही. पण स्टुडिओचं दार तिच्यासाठी कधी आपण होऊन उघडलंही नाही.

आणि मग तीन वर्षांपूर्वी या तळ्यांतली पहिली चित्रं प्रदर्शनात आली. पेइ-युन त्या मोकळ्या जागेसमोर दुपारभर उभी राहिली होती. तिने लिहिलं, की म्हातारपणी या चित्रकाराला न दिसण्याचं धाडस झालं आहे, आणि माझ्या पिढीत मी याहून खरं चित्र पाहिलेलं नाही. आयुष्यात बापाचं केलेलं ते एकमेव कौतुक. तोच लेख आता संग्रहालयाला प्रदर्शनाच्या पुस्तकात सुरुवातीलाच हवा होता. इतकी कडक मुलगीसुद्धा नमली, म्हणजे चित्रं केवढी! तिचा होकार त्यांना आजच्या आज हवा होता.

“म्हणजे मी तुझं कौतुक केलं होतं,” ती म्हणाली.

“हं.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार होतो? तू आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चांगलं म्हणालीस. मी मध्ये जाऊन हात वर करू, की बाई, तो मी?”

खालून वहिनीची हाक आली. आत्या आली होती, आणि ठोकळ्यांना एवढा वेळ का, म्हणून विचारत होती.

*

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐंशी पार केलेली, समुद्रकाठच्या तळ्यांवर अजून स्वतः सायकलने जाणारी. बाबा चित्रकलेच्या नादी लागले तेव्हा तळी हिनेच सांभाळली, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. आल्या आल्या तिने मांडलेल्या ताटांवर नजर फिरवली.

“माशाचं पोट कुठाय? सिउ-ग्योक, माझ्या भावाला तू पाठीचा तुकडा वाढलास?”

“पोटाचाच आहे, वन्सं. सूपमध्ये आहे,” आई म्हणाली.

“सूपमध्ये त्याला दिसणार कसं? डोळे गेलेले त्याचे.”

“मेल्यावर येतात परत,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. पेइ-युन तिच्या मागोमाग.

आई तळणीतून कालवांची भजी काढत होती. लहानखुरी बाई, पण घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक गॅलरीवाला, प्रत्येक पत्रकार तिच्यावरून गेल्याशिवाय बाबांपर्यंत पोचला नव्हता. बाबांचा लाल शिक्का तिच्या कमरेच्या पिशवीत असे. चित्र झालं की तीच काढून द्यायची आणि उमटवून झाला की पुसून परत ठेवायची.

“आई, आठव्या चित्रावर शिक्का मारणार आहेस?”

आईने झाऱ्या खाली ठेवला नाही. “कळलं वाटतं. आज संध्याकाळी, रंग सुकला की.”

“ते खोटं आहे.”

“काय खोटं आहे त्यात? तळी त्यांची. रंग त्यांचे. दिसत नव्हतं तेसुद्धा त्यांचं. हात तेवढा ह्याचा.”

“चित्र हातानंच काढतात, आई.”

“तुम्ही लिहिणारे लोक फार बाऊ करता हाताचा. भात शिजतो तेव्हा तांदूळ कुणाचा, पाणी कुणाचं, विचारतं का कोणी? आईच्या हातचा भात म्हणतात आणि जेवतात.”

“बघ. तूच म्हणालीस. हातचा.”

आईच्या आवाजाला धार आली. “झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पेइ-युन. उघडलीस तर काय होईल, ते सांगू? तुझ्या बापाला लोक म्हणतील लबाड. तुझ्या भावाला म्हणतील नकली चित्रं करणारा. शाळेतून काढतील त्याला. आणि तू? तू म्हणे बापाचं चित्र ओळखत नाहीस! तिघांचंही नाक कापलं जाईल, ते कुणाच्या सत्यासाठी?”

तिसरी गोष्ट पेइ-युनला खरोखरच लागली. उत्तर दिलं ते कोपऱ्यात फळं धूत बसलेल्या वहिनीने. सू-चिन वहिनी या घरात सून म्हणून आल्यापासून मूग गिळून बसणारी. आई म्हणेल ते ‘बरं’ म्हणून करणारी.

“आई, मी कधी बोलले नाही,” ती म्हणाली. “पण प्रदर्शनाच्या दिवशी हे मागच्या भिंतीला टेकून उभे असतात. लोक ह्यांच्या चित्रांसमोर उभे राहून डोळे पुसतात. आणि घरी आल्यावर हे मला म्हणतात, पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्यात ना. मला ते ऐकवत नाही हो.”

“तूसुद्धा?” आई म्हणाली.

“मीसुद्धा,” वहिनी म्हणाली, आणि पेरूची थाळी उचलून बाहेर गेली.

*

थोरला मुलगा म्हणून गुडघे टेकायचे ते चिंग-यावने. उदबत्त्या अर्ध्याच्या खाली आल्या, तेव्हा आत्याने त्याच्या हातात ठोकळे दिले. चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. लाल रंग हाताळून हाताळून काळा पडलेला.

“विचार. पोट भरलं का, आणि पितरांत यायला राजी आहेस का.”

चिंग-यावने ठोकळे कपाळाला लावले आणि टाकले. एक सपाट आणि एक फुगीर वर आला की होकार. दोन्ही फुगीर वर आले. नकार.

“घाई झाली. जेवतोय अजून,” आत्या म्हणाली. “कसा चावून चावून खायचा.”

थोडं थांबून पुन्हा. पुन्हा नकार. तिसऱ्यांदाही तेच.

आता घरात चुळबुळ सुरू झाली. असं झालं की पितराच्या मनात काहीतरी अडलंय, ते शोधून काढावं लागतं. आत्या कामालाच लागली.

“मासा सूपमध्ये घातला, म्हणून रुसलास का रे? विचार त्याला.” नकार. “मग वडिलांशेजारी बसायचं नाही का तुला? तळी सोडून चित्रं काढायला निघालास, तेव्हा तुझ्या कानाखाली वाजवली होती त्यांनी, अजून राग आहे?” नकार. “पेइ-युनचं लग्न?”

“आत्या!”

“विचारायला काय जातं? तोही हेच म्हणायचा.” नकार. “बघ, तोसुद्धा आशा सोडून बसलाय.”

वहिनीला एवढ्यातही हसू आलं. आई मात्र हसली नाही. ती टेबलाच्या कडेला उभी होती आणि तिचा हात कमरेच्या पिशवीवर होता. पेइ-युनने ते पाहिलं आणि तिला एकदम आईची दया आली. एवढं सगळं ह्या एका मुठीत धरून ही बाई वर्षभर एकटी निजली होती.

“दादा,” पेइ-युन म्हणाली, “आठव्या चित्राचं विचार.”

“पेइ-युन!” आई म्हणाली.

“कसलं चित्र?” आत्याने विचारलं. “काय चाललंय? मला कुणी सांगाल का?”

चिंग-याव गुडघ्यांवर तसाच होता. त्याने मागे वळून आईकडे पाहिलं नाही, बहिणीकडेही नाही. समोरच्या फोटोत बाबा चष्मा कपाळावर चढवून कुणावर तरी वैतागलेले होते. त्याने ठोकळे उचलले आणि पोरांना फळ्यावरचं वाचून दाखवावं, तशा सपाट आवाजात बोलला.

“बाबा, तळ्यांची चित्रं मी काढली. तुम्ही रंग दिलेत, मी काढली. आठव्याला तर रंगही माझेच आहेत. त्याच्यावर तुमचा शिक्का मारू का?”

नकार. दोन्ही पाठी वर, स्वच्छ.

आत्या खुर्चीत बसली. “अगं बाई,” एवढंच म्हणाली.

“मग सगळ्यांवर माझं नाव घालू का?”

ठोकळे पडले आणि डुलायला लागले. दोन्ही सपाट बाजू वर. त्याला पितर हसले म्हणतात. हो नाही, नाही नाही, नुसतं हसले. चिंग-यावने पुन्हा विचारलं. पुन्हा हसरा कौल. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज फुटला. वडिलांना शेवटचं काही विचारायचं आणि त्यांनी नुसतं हसायचं, हे त्याला सोसलं नाही. ठोकळे हातातून जवळजवळ निसटलेच, आणि फरशीवर पाठीवर पडून पाळण्यासारखे हलत राहिले.

“तिन्ही वेळा हसला,” आत्या हळूच म्हणाली. “आता आज नाही विचारता येत. पुढच्या वर्षी—”

आई पुढे झाली. कष्टाने वाकली आणि एका बोटाने उजवा ठोकळा उलटा केला. एक सपाट, एक फुगीर.

“हो म्हणतायत. नावालाही, पितरांत यायलाही,” ती म्हणाली.

“सिउ-ग्योक! अगं, कौल असा हातानं नाही फिरवायचा!”

“वन्सं, लग्न झाल्यापासून ह्यांच्यातर्फे मीच उत्तरं दिलीत. विकायचं की नाही, जायचं की नाही, बरं आहे की नाही. हे कुठे स्वतः काही बोलले? नुसते हसायचे. हे एक शेवटचं उत्तर मी देते.” तिने पिशवीतून शिक्का काढला, पदर नसला तरी पदराने पुसावा तसा ब्लाउजच्या टोकाने पुसला, आणि बाबांच्या कागदी पाटीसमोर ठेवला. “घ्या तुमचं तुम्हाला.”

मग ती चिंग-यावला म्हणाली, “ऊठ. राख मिसळ. उन्हं कलतील.”

चमचाभर राख मोठ्या पात्रात गेली. ती पडली तेव्हा पेइ-युन बघत होती. पडल्यावर कोणती बाबांची आणि कोणती आजोबांची, हे कुणाला सांगता आलं नसतं. कागदी पाटी अंगणातल्या पत्र्याच्या डब्यात जळाली. जळताना आई एवढंच म्हणाली, “हळू जा हो, जिना आहे.” मग तिने तोंड भिंतीकडे केलं आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही.

*

जेवणं झाल्यावर पेइ-युनने संग्रहालयाला फोन केला. लेख छापायचा असेल तर चित्रकाराचं नाव बदलून छापावा लागेल, असं तिने सांगितलं आणि सगळी हकिगत सांगितली. पलीकडची बाई म्हणाली, की गाडी उद्या येणार नाही, आम्हाला विचार करावा लागेल.

ती वर आली, तेव्हा चिंग-याव आठव्या चित्रापाशी उकिडवा बसला होता.

“येत नाहीत ना?” त्याने विचारलं.

“उद्या नाही.”

“कधीच नाही येणार.” त्याने चित्राच्या कडेला चिकटलेला एक केस उचलला. “शाळेत काय सांगायचं, ते बघतो. आईला त्रास होईल. लोक दारात येतील.”

“होईल.” खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती.

“मग आता बोल,” तो म्हणाला. “या चित्राबद्दल. आलीच आहेस तर तिकीट वसूल कर.”

पेइ-युन खाली बसली. नेहमीप्रमाणे तिने बराच वेळ नुसतं पाहिलं.

“पाणी चांगलं आहे,” ती म्हणाली. “बांधांवरचा हिरवा बाबांपेक्षा भरड आहे, पण तो तुझा आहे, राहू दे. मधली जागा मात्र खोटी आहे.”

“मोकळी तर सोडलीय. सातांत सोडली तशीच.”

“सातांत त्यांना दिसत नव्हतं, म्हणून सोडलीस. इथे ते नाहीत. तुला दिसतं, दादा. तुला अख्खं तळं दिसतं. मग तू मध्ये काही का काढलं नाहीस?”

चिंग-याव चित्राकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी दुखावलेपण आलं, मग ते गेलं आणि काहीतरी दुसरं आलं, मार खाऊन मोकळ्या झालेल्या पोरासारखं.

“माझ्या चित्राला पहिल्यांदा कुणी वाईट म्हणालं,” तो म्हणाला. “बरं वाटलं.”

खाली आत्या वहिनीला सायकल बाहेर काढून द्यायला सांगत होती. पेइ-युनने दिवसभर जे विचारायचं टाळलं होतं, ते विचारलं.

“माझा लेख बाबांना वाचून कुणी दाखवला?”

“मीच.”

“काय म्हणाले?”

“राहू दे ना.”

“दादा, काय म्हणाले?”

“एकदा वाचला. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचला.” चिंग-यावने नखातली हिरवी पूड कोरून काढली. “मी म्हटलं, बाबा, आपण तिला खरं सांगून टाकू, नाहीतर ती उगाच तुमच्या नावावर... तर म्हणाले, नको. हात चाचपडत माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, नको सांगूस. तिला एकदा तरी माझं चित्र आवडू दे.”

पेइ-युनने सरसाचं भांडं जवळ ओढलं. ते अजून कोमट होतं. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि वर्षभर न रडलेली ती पोर मोठ्याने रडायला लागली.